सुट्टीचा बेत

शिक्षकाच्या सुट्टीविषयी जगाचे मत फार पूर्वीच ठरून गेले आहे. "तुमचे काय बाई! दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, आणि मधूनमधून शाळा!" हे वाक्य मी किराणा दुकानदाराच्या तोंडून ऐकले आहे, पोस्टातल्या कारकुनाच्या तोंडून ऐकले आहे आणि रात्रपाळी करून परतणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडूनही ऐकले आहे. तीस वर्षे शिकवल्यावर मी या वाक्याशी भांडणे सोडून दिले आहे. भांडण्यासारखे त्यात फारसे नाहीही. वर्षाच्या सगळ्या सुट्ट्या मिळून ७६ च्या पुढे जाऊ नयेत, असे आमच्याकडच्या परिपत्रकांत वर्षानुवर्षे येत आले आहे. ज्याला आठ दिवसांच्या रजेसाठी साहेबापुढे उभे राहावे लागते, त्याला हा आकडा राजवैभवाचा वाटला तर नवल नाही.

माझा प्रश्न निराळा आहे. ही सुट्टी आहे तरी कोणाची? आणि तिचा बेत आधीपासून आखावा की आखू नये? पहिला प्रश्न नीतीचा आणि दुसरा नुसता सोयीचा, असे वरवर पाहता वाटेल. पण दुसऱ्याचे उत्तर पहिल्याच्या पोटात दडलेले आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

शाळेची शेवटची घंटा होते न होते तोच सुट्टीवर हक्क सांगणारे दारात उभे राहतात. पहिला मान अर्थातच सरकारचा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शिक्षकाला शिक्षणाबाहेरची कामे सांगू नयेत असे म्हटले, आणि लगेच पुढे तीन अपवादही लिहून ठेवले: जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतील मदतकार्य. म्हणजे देशातील माणसे मोजायची असोत, मते मोजायची असोत की पुराने वाहून गेलेली भांडी मोजायची असोत, मास्तर हवेतच. त्यात दहावी-बारावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले की उन्हाळ्याच्या तोंडचे दिवस लाल शाईत बुडून जातात.

दुसरा हक्क घराचा. मास्तरांचे मला ठाऊक नाही, पण बाईंच्या शाळेला सुट्टी लागली की घराची शाळा भरते. दिवाळीत अनारशाचे पीठ, चकलीची भाजणी आणि माळ्यावरची पितळेची भांडी. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, पापड आणि लोणची. कुरडयांचा गहू तीन दिवस आधी भिजत घालावा लागतो. आधीपासून आखणी म्हणजे काय, हे मला अध्यापन विद्यालयाने शिकवण्यापूर्वी आईच्या त्या गव्हाने शिकवले होते.

तिसरा हक्क मुलांचा. मागे राहिलेली मुले, राहून गेलेला धडा, 'ज्यादा तास' घ्या म्हणणारे पालक. आणि या रांगेत सर्वांत शेवटी, थोडी संकोचून, मी स्वतः उभी असते. माझी पाळी येईपर्यंत बहुधा दुकान बंद झालेले असते.

ही फक्त आपल्याकडची रीत असेल, असे मी समजत होते. पण माझी एक भाची अमेरिकेत शाळेत शिकवते, तिच्या पत्राने तो समज गेला. तिकडे बहुतेक राज्यांत शाळेचे वर्ष सुमारे १८० दिवसांचे असते, आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास एक आठवडा वसंताची सुट्टी मिळते. पुढचे-मागचे शनिवार-रविवार धरले तर नऊ दिवस. कोणता आठवडा हे प्रत्येक गावाची शाळा-समिती आधीच ठरवते, त्यामुळे वर्षारंभीच तारखा हातात येतात. भाचीने जानेवारीतच यादी करायला घेतली. तिमाहीचे गुण भरून टाकणे, निबंध तपासणे, पुढच्या पाठाची आखणी, दाताच्या डॉक्टरांची वेळ, मोटारीची दुरुस्ती, दोन दिवस समुद्रकिनारा, कपाटाची आवराआवर. तिने लिहिले होते, "मावशी, परवा यादी पुन्हा वाचली. नऊ दिवसांत सव्वीस कामे. सगळी कामाची आहेत, पण त्यांत सुट्टी कुठेच सापडेना. तू काय करायचीस?"

मी काय करायचे? आम्हाला वसंताची सुट्टी कधी मिळालीच नाही. आपल्याकडे वसंत येतो तो परीक्षेच्या हंगामात. पळस पेटलेला असतो, आंब्याला मोहोर असतो, आणि आम्ही पर्यवेक्षणाच्या खोलीत दोन बाकांमधून फेऱ्या घालीत असतो. होळीला एक दिवस, पाडव्याला एक दिवस. बाकीचा वसंत खिडकीतून पाहायचा. पण प्रश्न मात्र तोच होता, आणि त्याला दिवाळीची सुट्टीही तितकीच चालते.

बेत आखणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाही. ज्या वेळेला आपण नाव देत नाही, तिला दुसरे कोणी तरी आपले नाव देते. मोकळी दिसणारी सकाळ शेजारच्या घरापर्यंतही टिकत नाही. आणि आखणी नसलेली, शेवट नसलेली सुट्टी कशी असते, हे २०२० साली साऱ्या देशाने पाहिलेच आहे. त्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा पहिले चार दिवस मुलांना गंमत वाटली. मग दिवस सारखे दिसू लागले. शाळा केव्हा उघडणार हे कोणी सांगू शकत नव्हते, आणि उघडण्याची तारीख नसलेल्या सुट्टीला सुट्टी म्हणता येत नाही, हे लहान पोरांनाही कळले. सुट्टीला दोन्ही बाजूंनी काठ लागतात. ते काठ बांधण्याचे काम आखणीचेच आहे.

उलट पक्षही तितकाच खरा. काठ बांधता बांधता आपण पाणीही बांधून टाकतो. दहा ते अकरा हे, अकरा ते बारा ते, असे लिहीत गेले की सुट्टीचे वेळापत्रक होते, आणि वेळापत्रकापासून सुटण्यासाठी तर सुट्टी घेतलेली असते. सहलीला निघालेली कितीतरी कुटुंबे मी पाहिली आहेत. देऊळ 'झाले', किल्ला 'झाला', धबधबा 'झाला' असे म्हणत ती पुढच्या ठिकाणी धावतात. त्यांचे सगळे होते, पण ती कुठे असत नाहीत.

या बाबतीत जुन्या शास्त्रकारांचे मला कौतुक वाटते. त्यांनी मला, म्हणजे बाईच्या जातीला आणि आणखी कितीकांना, वेदाध्ययनाचा अधिकारच दिला नव्हता, हे मी विसरत नाही. पण शिकणे कुठे थांबवावे याचा विचार त्यांनी मन लावून केला होता. श्रावणी करून वेदाध्ययन सुरू करायचे, साडेचार महिने ते चालवायचे, आणि मग पौषात किंवा माघात उत्सर्जन करून सत्र सोडायचे. त्यातही मधले दिवस अनध्यायाचे. अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा हे तर ठरलेलेच. शिवाय वीज कडाडली, धुळीचा वारा सुटला, कोल्हे ओरडले, रडण्याचा आवाज आला, तरी पाठ बंद. याज्ञवल्क्यस्मृतीत अशी तात्कालिक कारणे ३७ मोजली आहेत. त्यांतले एक मला फार आवडते: घरी शिष्ट पाहुणा आला की अनध्याय. आणि गुरू, शिष्य किंवा आप्त वारला तर तीन दिवस अनध्याय. यातला भाव स्पष्ट आहे. पाठ मोठा खरा, पण दारात आलेला माणूस आणि दारातून गेलेला माणूस त्याहून मोठा. रामायणातला हनुमानही कृश झालेल्या सीतेला उपमा देतो ती प्रतिपदेला अभ्यास करणाऱ्याच्या विद्येची. न थांबता केलेल्या अभ्यासाने विद्या वाढत नाही, उलट रोडावते, हे त्या काळी सर्वांना इतके ठाऊक होते की उपमा समजावून सांगावी लागली नाही. तिकडे ग्रीकांनी तर कमालच केली. शाळेसाठी युरोपातल्या भाषांत जो शब्द रूढ झाला, त्याचे मूळ ग्रीक 'स्कोले' या शब्दात आहे, आणि त्याचा मूळ अर्थ फुरसत असा आहे.

म्हणजे थांबणे हा आळस नव्हे, एवढे तरी ठरले. पण इथेच नीतीचा खरा पेच सुरू होतो. मी थांबावे हे ठीक. पण माझ्या थांबण्याची किंमत कोण देते?

आमच्या शाळेत गणिताचे एक शिक्षक होते. वीस-बावीस वर्षे त्यांनी दिवाळीची सुट्टी अशी घेतलीच नाही. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी ते शाळेच्या कोपऱ्यातली खोली उघडत आणि नापास होण्याच्या काठावर असलेल्या पोरांना घेऊन बसत. एक पैसा त्यांनी कधी घेतला नाही. आम्ही बाकीचे लाडू खात घरी बसलेले असताना त्यांचा खडू चालू असे, आणि त्यांच्याकडे पाहून आम्हाला आपण काही तरी चोरून खातो आहोत असे वाटे. त्यांच्या निरोपसमारंभात त्यांची मुलगी दोन शब्द बोलायला उठली. "बाबा निवृत्त होताहेत याचा आम्हाला आनंद आहे," ती म्हणाली, "आता त्यांची ओळख करून घेता येईल." सगळे हसले. ते हसले नाहीत.

त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. त्यांच्यामुळे पास झालेली मुले गावात आजही दुकाने चालवतात, एस.टी. चालवतात, एक तर बँकेत अधिकारी आहे. पण त्यांनीच एकदा मला सांगितले होते, की वर्गात साठ मुले नसती आणि रोजच्या तासाला या आठ-दहा पोरांकडे वळून पाहता आले असते, तर दिवाळीत खोली उघडावी लागली नसती. शाळेच्या व्यवस्थेचे देणे ते आपल्या घरच्या दिवाळीतून फेडीत होते. एका माणसाच्या त्यागाने व्यवस्थेची उणीव झाकली जाते, आणि झाकली गेलेली उणीव कोणी भरून काढीत नाही. त्यागाला नमस्कार करताना हेही लक्षात ठेवायला हवे.

दुसरी गोष्ट माझ्या एका मैत्रिणीची. ती बीड जिल्ह्यात ऊसतोड मजुरांच्या वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवीत असे. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला तिकडे 'कोयता' म्हणतात, ती बिऱ्हाड बांधून निघते आणि पोरेही निघतात. ती परततात पाडव्याच्या सुमारास किंवा त्याही नंतर. म्हणून आपल्याला दिवाळीची सुट्टी म्हणजे तीन आठवडे. त्या मुलांची मात्र सुट्टी लागते ती उन्हाळ्यापर्यंत. या मैत्रिणीचा सुट्टीचा बेत गणपती उठले की सुरू होई. कोणत्या घरचे जाणार, कोणाची आजी मागे राहणार, कोणते पोर तिच्याजवळ ठेवता येईल, हंगामी वसतिगृहासाठी कोणाची नावे द्यायची, कोणाला फडावर न्यायचेच असेल तर त्याच्या पिशवीत कोणती दोन पुस्तके घालायची. घरोघर फिरून ती हे सारे दिवाळीपूर्वी उरकी. मग सुट्टी लागली की माहेरी जाऊन चार दिवस नुसती झोपे. मी एकदा गमतीने म्हटले, "इतकी धावपळ करतेस आणि मग गडप होतेस?" ती म्हणाली, "आधी केले म्हणूनच झोप लागते."

मला वाटते, भाचीच्या प्रश्नाचे उत्तर या वाक्यात आहे.

सुट्टीचा बेत दोन पानांवर लिहावा. पहिल्या पानावर मी नसताना ज्यांचे अडणार आहे, त्यांची नावे. हे पान अगदी बारकाईने, वेळेवर आणि सुट्टीच्या आधी भरावे, कारण ते कर्तव्याचे पान आहे. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली शाळांतून शिजवलेले अन्न द्या असा आदेश दिला, आणि २००४ साली दुष्काळी भागांत उन्हाळ्याच्या सुट्टीतही ते चालू ठेवा असे बजावले. सुट्टी लागताना काही मुलांचे ताटही सुटते, हे कोणाला तरी आधी दिसले म्हणूनच ना? आपल्याला असे मोठे आदेश काढता येत नाहीत. पण वर्गातल्या चाळीस तोंडांपैकी कोणत्या दोघा-तिघांना सुट्टी नको आहे, हे शिक्षकाला बहुधा ठाऊक असते. त्यांची तजवीज करणे हा बेताचा पहिला भाग. कायद्यानेही शिक्षकाच्या आठवड्याचे किमान ४५ तास धरताना तयारीचे तास त्यातच मोजले आहेत. म्हणजे पुढची तयारी ही कामाच्या दिवसांतलीच गोष्ट आहे. ती सुट्टीच्या डोक्यावर ठेवायची नाही.

दुसरे पान स्वतःचे. ते कोरे ठेवावे, आणि ते कोरे राहील याची खबरदारी पहिल्या पानाने घ्यावी.

कोऱ्या पानावर काय उमटेल ते आधी सांगता येत नाही. एका मे महिन्यात माझे दहा-बारा दिवस असेच रिकामे राहिले. शेजारी एक कानडी काकू राहत. दुपारी त्यांच्या ओट्यावर बसता बसता मी त्यांच्याकडून कानडी अक्षरे गिरवायला लागले. कानडीतला 'प' आणि 'व' इतके सारखे दिसतात, की सहा दिवस मला त्यांतला फरक लक्षात ठेवता येईना. काकू प्रेमाने म्हणत, "सोपं आहे हो!" आणि ते ऐकले की मला उठून घरी जावेसे वाटे. शिकणाऱ्याला जे जमत नाही, तेच शिकवणाऱ्याला सोपे असते. आणि दिलासा म्हणून उच्चारलेला तो शब्द ऐकणाऱ्याला कसा बोचतो, हे कोणत्याही प्रशिक्षणवर्गात मला कोणी सांगितले नव्हते. त्या जूनमध्ये पाचवीच्या वर्गात शिरताना माझ्याजवळ कानडी फारशी नव्हती, पण न समजणे आतून कसे असते याची ताजी आठवण होती. हा पाठ मी 'नियोजित' केला असता तर कानडी कदाचित अधिक आली असती, आणि ही आठवण आली नसती.

म्हणून कोरे पान ही चैन आहे, असे मला वाटत नाही. आणि चैन असली तरी ती भिक्षा नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे केलेल्या खटपटीनंतर. विसावा हा कोणी तरी मागून, भांडून मिळवलेला आहे. तो यादीतल्या सव्वीस कामांना वाटून टाकणे म्हणजे मिळवणाऱ्याचाही थोडा अपमानच.

भाचीला मी लिहिले, की निबंध आणि गुण सुट्टीच्या आधी जमेल तेवढे उरक. उरतील ते पहिल्या दीड दिवसात संपव आणि गठ्ठा डोळ्यांआड ठेव. शेवटची संध्याकाळ पुढच्या पाठासाठी राख. मोटार आणि दात यांना प्रत्येकी एक सकाळ दे. कपाटाचे नाव काढू नकोस, ते आजवर पडले नाही तर पुढेही पडणार नाही. आणि मधल्या चार दिवसांवर काहीही लिहू नकोस. कोणी विचारलेच तर 'त्या दिवशी मोकळी नाही' असे खुशाल सांग. ते खोटे होणार नाही. तिचे उत्तर आले, "मावशी, चार फार होतात, तीन ठेवते." मी म्हटले, ठेव. सवय एकदम लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला लिहिली नाही, कारण ती एकटी राहते. ती भरल्या घरांसाठी आहे. घरातल्या एकाची सुट्टी पुष्कळदा दुसऱ्याच्या कामावर उभी असते. आपण ज्या सकाळी उशिरा उठतो, त्या सकाळी चहा कोणी केला? आपण माहेरी जातो, तिथे आईची सुट्टी कधी असते? दिवाळीच्या रात्री आपल्याला गावी नेणाऱ्या एस.टी.च्या चालकाची भाऊबीज कोण्या डेपोत होते? सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी मिळणार नाही, हे उघड आहे. पण पहिल्या पानावर त्यांचीही नावे असावीत, आणि आळीपाळीने का होईना, प्रत्येकाला एक कोरा दिवस मिळेल असा बेत घरात होऊ शकतो. त्यासाठी परिपत्रक लागत नाही.

आपल्यापैकी बहुतेकजण हा अंक सुट्टीतच वाचत असतील. फराळाचे ताट जवळ असेल, मुले अंगणात किल्ल्यावर मावळे मांडीत असतील. अशा वेळी बेताचे आणि नीतीचे बोलून मी आपला विरस केला असेल, तर अनध्यायाच्या नियमाप्रमाणे हे पान मिटून ठेवायला हरकत नाही. फक्त उठण्यापूर्वी स्वयंपाकघराकडे एकदा पाहावे. तिथे अजून कोणी उभे असेल, तर आज त्यांच्या सुट्टीची पाळी आहे.